तयार सामग्री आणि कच्ची सामग्री : आज्ञावलीलेखनाच्या दोन पाठ्यग्रंथांचा विचार

१

भाषाविज्ञानाच्या पदव्युत्तर विद्यार्थ्याने संगणकाची आज्ञावली लिहिण्याचे प्राथमिक शिक्षण घ्यावे की नाही, हा प्रश्न आता वादाचा उरलेला नाही. शब्दांची वारंवारता मोजावयाची असो, एखाद्या बोलीतील स्वरांची मापे मांडावयाची असोत, अथवा दोन लेखकांच्या वाक्यांची लांबी ताडून पाहावयाची असो, सामग्री शेकड्यांतून हजारांत गेली की हाताचे काम संपते आणि यंत्राचे सुरू होते. वाद घालावयास हवा तो निराळ्याच प्रश्नावर. हे शिक्षण नेमके कशाचे? आज्ञावलीच्या व्याकरणाचे, की सामग्रीविषयी घ्यावयाच्या निर्णयांचे? पहिले उत्तर स्वीकारले तर हा विषय टंकलेखनासारखा एक कौशल्याचा विषय ठरतो आणि तो विभागाबाहेरच्या कोणाही जाणकाराकडे सोपविण्यास हरकत नाही. दुसरे उत्तर स्वीकारले तर मात्र तो भाषाविज्ञानाच्या गाभ्याशी येऊन भिडतो, आणि त्याची जबाबदारी आपणांस टाळता येत नाही.

प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा विचार दोन प्रसिद्ध पाठ्यग्रंथांच्या अनुषंगाने करावयाचा आहे. पहिला ग्रंथ हाराल्ड बायेन यांचा ‘अ‍ॅनालायझिंग लिंग्विस्टिक डेटा’ (२००८). यात ‘आर’ या संगणकीय भाषेच्या साहाय्याने संख्याशास्त्राचा परिचय करून दिलेला आहे. दुसरा ग्रंथ स्टीव्हन बर्ड, यूअन क्लाइन आणि एडवर्ड लोपर या तिघांचा ‘नॅचरल लँग्वेज प्रोसेसिंग विथ पायथन’ (२००९). यात ‘पायथन’ या भाषेच्या द्वारे लिखित मजकुरावर काम कसे करावे हे शिकविले आहे. दोन्ही ग्रंथ भाषेच्या अभ्यासकासाठी लिहिलेले आहेत आणि दोहोंची योग्यता मोठी आहे. म्हणूनच त्यांच्या एका समान उणिवेचा विचार करणे अगत्याचे वाटते.

२

प्रथम गुणांविषयी. संगणकाची भाषा शिकविणारी सर्वसामान्य पुस्तके विद्यार्थ्याला दोन संख्यांची बेरीज, मूळ संख्यांची यादी अशा वाटेने नेतात. भाषेचा अभ्यासक या वाटेवर लवकरच कंटाळतो, कारण त्याच्या प्रश्नांशी त्या उदाहरणांचा काही संबंध नसतो. बर्ड आणि त्यांचे सहकारी यांनी ही वाट सोडून दिली. त्यांच्या पहिल्याच प्रकरणात वाचकाच्या हाती ‘मोबी डिक’ या कादंबरीची संपूर्ण संहिता येते आणि एखादा शब्द तीत कोणकोणत्या संदर्भांत आला आहे हे त्यास एका ओळीच्या आज्ञेने पाहता येते. थोड्याच पानांनंतर बायबलातील ‘जेनेसिस’च्या संहितेत एकूण ४४,७६४ शब्द व चिन्हे असून त्यांतील निरनिराळी २,७८९ आहेत, हे तो स्वतः मोजतो, आणि एक रूप सरासरीने सोळा वेळा वापरले गेले आहे असा निष्कर्ष काढतो. अमेरिकेच्या अध्यक्षांच्या पदग्रहणप्रसंगीच्या भाषणांत ‘नागरिक’, ‘लोकशाही’, ‘स्वातंत्र्य’ या अर्थांचे शब्द कोठे दाटीने येतात आणि कोठे विरळ होतात, याचा आलेखही त्याच प्रकरणात आहे. आज्ञावलीचे व्याकरण येथे प्रश्नाच्या पाठोपाठ येते, आणि शिकण्याची उमेद टिकून राहते.

बायेन यांची पद्धत निराळी, पण तितकीच विचारपूर्वक आखलेली आहे. पहिल्या प्रकरणात ‘आर’चा परिचय होताच दुसऱ्या प्रकरणात ते आलेखांकडे वळतात. संख्याशास्त्रीय कसोट्या त्यानंतर येतात. या क्रमामागे एक पक्के तत्त्व आहे. फ्रान्सिस अ‍ॅन्स्कोम्ब यांनी १९७३ मध्ये प्रत्येकी अकरा बिंदूंचे चार संच प्रसिद्ध केले. चारही संचांच्या सरासऱ्या जवळजवळ सारख्या, सहसंबंध ०.८२ च्या आसपास सारखा, बिंदूंतून काढलेली सरळ रेषाही तीच. पण आलेख काढले की एका संचात सरळ चढण दिसते, दुसऱ्यात कमान दिसते, आणि उरलेल्या दोहोंत एकच दूरचा बिंदू सर्व हिशेब आपल्याकडे ओढून घेत असल्याचे दिसते. संख्यांचा गोषवारा जे लपवितो ते चित्र उघडे करते. ‘आधी पाहा, मग मोजा’ ही शिस्त बायेन यांच्या ग्रंथाने भाषाविज्ञानाच्या विद्यार्थ्यांत रुजविण्यास मोठाच हातभार लावला आहे.

३

आता उणिवेकडे वळू. बायेन यांच्या ग्रंथातील आरंभीच्या उदाहरणांत इंग्रजीतील ‘देणे’ या प्रकारच्या क्रियापदांची ९०३ ओळींची सारणी येते. प्रत्येक ओळ म्हणजे वापरातील एक वाक्य. क्रियापद कोणते, ज्याला दिले तो सजीव की निर्जीव, जे दिले ते सजीव की निर्जीव, त्याचा निर्देश किती लांब, आणि ज्याला दिले त्याचा उल्लेख नुसत्या नामपदाने झाला आहे की शब्दयोगीसह, अशी माहिती रकान्यांतून भरलेली असते. ही सारणी ग्रंथासोबतच्या संचातून आयती मिळते. बाहेरची सारणी आत कशी घ्यावी आणि आतली बाहेर कशी लिहावी, हेही बायेन सांगतात. परंतु ती ओळ मुळात ओळ कशी झाली, हे विद्यार्थ्याला दिसत नाही. एखाद्या संस्थेला देणगी दिली तर ती संस्था सजीव म्हणावी काय? लांबी शब्दांत मोजावी, की अक्षरांत? जे वाक्य कोणत्याच रकान्यात नीट बसेना त्याचे काय केले? या प्रश्नांची उत्तरे कोणीतरी दिली आहेत. सारणी हाती आली तेव्हा ती उत्तरे रकान्यांत विरघळून गेलेली होती.

बर्ड प्रभृतींच्या ग्रंथाविषयी असेच, पण थोड्या सावधपणे म्हणावे लागेल. तिसऱ्या प्रकरणात ते कच्च्या मजकुराकडे येतात, युनिकोडचा विचार करतात, आणि मजकुराचे शब्दांत तुकडे पाडणे अपेक्षेहून अवघड ठरते, अशी प्रांजळ कबुलीही देतात. पाचव्या प्रकरणात चार भारतीय भाषांतील शब्दजातींची नोंद केलेली सामग्री दाखविली आहे, आणि त्या चारांत बंगाली, हिंदी व तेलुगू यांच्यासह मराठीही आहे. भाषिक सामग्री कशी गोळा करावी आणि कशी जपावी, याला तर एक संपूर्ण प्रकरण वाहिलेले आहे. पण ते अकरावे, म्हणजे अखेरचे आहे. जे काम अभ्यासकाला प्रत्यक्षात सर्वांत आधी करावे लागते, ते ग्रंथात सर्वांत शेवटी येते. विद्यार्थी तेथवर पोचेतो त्याची एक समजूत पक्की झालेली असते. शब्द ही आयती मिळणारी वस्तू आहे आणि आज्ञावलीचे काम ती मोजण्याचे आहे, ही ती समजूत.

पुण्याच्या डेक्कन महाविद्यालयातील संस्कृत महाकोशाचे काम ज्यांनी पाहिले आहे त्यांना ही समजूत किती भ्रामक आहे हे सांगावयास नको. डॉ. सु. मं. कत्रे यांच्या पुढाकाराने १९४८ मध्ये सुरू झालेल्या या प्रकल्पासाठी सुमारे पंधराशे ग्रंथ वाचून जवळजवळ एक कोटी चिठ्ठ्या तयार करण्यात आल्या. पहिल्या खंडाची छपाई १९७६ मध्ये सुरू झाली. मधल्या काळाचा मोठा भाग चिठ्ठीने घेतला. संहितेतील पद संधी सोडवून वेगळे करावयाचे, ते कोणत्या मूळ शब्दाखाली घालावयाचे ते ठरवावयाचे, संदर्भाचे स्थान नोंदवावयाचे. प्रत्येक चिठ्ठी म्हणजे एक निर्णय होता. आज आपण जिला सारणीची ओळ म्हणतो ती वस्तुतः चिठ्ठीच आहे. भेद इतकाच की चिठ्ठी लिहिणाऱ्याला आपण निर्णय घेत आहोत याची जाणीव असे, आणि यंत्राकडून ओळी पाडून घेणाऱ्याला ती बहुधा नसते.

४

ही जाणीव नसली तर काय घडते, याचे उदाहरण प्रस्तुत लेखकाच्या स्वतःच्या चुकीतून देता येईल. काही वर्षांपूर्वी एका विद्यार्थिनीने मराठी अग्रलेखांतील शब्दांची वारंवारता हा विषय प्रबंधिकेसाठी घेतला होता. मजकुराचे शब्द पाडण्यासाठी मी तिला इंग्रजी मजकुराच्या बाबतीत सर्वत्र वापरली जाणारी रीत सांगितली. शब्दात येऊ शकणाऱ्या चिन्हांची सलग माळ म्हणजे शब्द. जेथे माळ तुटेल तेथे शब्द संपला. पायथनमध्ये ही रीत दोन-तीन चिन्हांच्या संकेताने लिहिता येते. सारणी तयार झाली. तिच्या शिरोभागी एकेका अक्षराचे बरेच तुकडे आले होते. मजकुरातील आद्याक्षरे व इतर केरकचरा असेल असे समजून ते गाळून टाकावेत, असा सल्ला मीच दिला. मग आलेख काढला. तो इतका सुबक आला की मी त्याची वर्गात प्रशंसा केली.

पंधरा दिवसांनी ती विद्यार्थिनी सारणीचा कागद घेऊन आली आणि म्हणाली, “सर, एवढ्या अग्रलेखांत ‘नाही’ हा शब्द एकदाही कसा नाही?”

उलगडा व्हावयास मग वेळ लागला नाही. युनिकोडमध्ये ‘मराठी’ हा शब्द म, र, काना, ठ आणि दुसरी वेलांटी अशा पाच चिन्हांनी लिहिला जातो. व्यंजनाला व स्वराला युनिकोड ‘अक्षर’ या वर्गात घालते. काना, मात्रा, वेलांटी, उकार, अनुस्वार आणि हलन्त यांना ‘जोडचिन्ह’ या निराळ्या वर्गात घालते. पायथनच्या मूळ संचातील सदर संकेत अक्षरे व अंक यांनाच शब्दघटक मानतो, जोडचिन्हांना मानीत नाही. परिणामी प्रत्येक कान्यामात्र्यापाशी शब्द तुटतो. ‘मराठी’चे ‘मर’ आणि ‘ठ’ होतात. ‘मुंबई’चे ‘म’ आणि ‘बई’ होतात. ‘सरकार’चे ‘सरक’ आणि ‘र’ होतात. ‘आहे’चा ‘आह’ होतो, ‘आणि’चा ‘आण’ होतो. ‘नाही’चे ‘न’ आणि ‘ह’ झाले, आणि एकाक्षरी तुकडे गाळण्याच्या माझ्या सल्ल्याने ते दोन्ही केरात गेले. अग्रलेखलेखकांचा सगळा नकार अशा रीतीने आमच्या सारणीतून नाहीसा झाला होता. उलट ‘आण’ हा शब्द इतक्या वेळा आला होता की मराठी संपादक ओळीओळीला आणाशपथा घेतात असे वाटावे. मी ती सारणी पाहिली होती. पण वाचली नव्हती.

यंत्राने येथे कोठेही चूक दाखविली नाही, कारण यंत्राच्या दृष्टीने चूक झालीच नव्हती. दिलेली आज्ञा त्याने अक्षरशः पाळली. युनिकोडच्या मार्गदर्शक सूचनांत जोडचिन्हे शब्दाचाच भाग मानावीत असे सांगितलेले आहे, आणि पायथनसाठी स्वतंत्रपणे मिळणारा ‘रेजेक्स’ नावाचा संच ती सूचना पाळतो. उपाय अर्ध्या ओळीचा आहे. पण उपाय शोधण्यासाठी प्रश्न पडावा लागतो, आणि प्रश्न पडण्यासाठी ‘शब्द’ या संज्ञेमागे कोणीतरी केलेली व्याख्या लपलेली आहे, हे ठाऊक असावे लागते.

५

याहून अधिक अस्वस्थ करणारी गोष्ट त्या आलेखाची आहे. शब्दांना वारंवारतेच्या उतरत्या क्रमाने लावून क्रम व वारंवारता यांचा आलेख दोन्ही अक्षांवर लॉगॅरिदमच्या मापाने काढला, तर तो साधारणतः सरळ उतरत्या रेषेसारखा येतो. जॉर्ज झिफ यांच्या १९४९ च्या ग्रंथामुळे हा नियम सर्वतोमुखी झाला. आमचा आलेख त्या नियमाप्रमाणे आला म्हणून मी समाधान पावलो होतो. वस्तुतः तो तुटक्या शब्दांचा आलेख होता. मग तो सरळ का आला?

याचे उत्तर जॉर्ज मिलर यांनी १९५७ मध्येच दिलेले आहे. एखाद्याने टंकलेखनयंत्राच्या कळा वाटेल तशा दाबल्या आणि मधूनमधून कोरी जागा सोडली, तरी त्यातून निघणाऱ्या निरर्थक ‘शब्दां’ची वारंवारता झिफच्या नियमाशी जुळती येते, असे त्यांनी दाखवून दिले. म्हणजे आलेख सरळ येणे हा शब्द बरोबर पाडल्याचा पुरावा नव्हेच. अ‍ॅन्स्कोम्ब यांच्या उदाहरणात चित्राने संख्यांचे पितळ उघडे पाडले. येथे चित्रानेच सारणीतील दोष झाकून टाकला. ‘आधी पाहा, मग मोजा’ या शिस्तीला म्हणून एक पुरवणी जोडली पाहिजे : पाहण्याच्याही आधी वाचा. आलेखातील प्रत्येक बिंदू हा कोठल्या तरी ओळीचा प्रतिनिधी आहे. निदान पन्नास ओळी डोळ्यांनी वाचल्यावाचून त्या आलेखावर विश्वास ठेवण्याचा अधिकार आपणांस नाही.

६

तोड बरोबर झाली म्हणजे प्रश्न संपला असे मात्र नव्हे. खरा भाषावैज्ञानिक प्रश्न तेथूनच सुरू होतो. ‘मराठी’ या शब्दाची लांबी किती? अक्षरे तीन, युनिकोडची चिन्हे पाच, ध्वनी मोजले तर म्-अ-र्-आ-ठ्-ई असे सहा. संगणकाला नुसती लांबी विचारली तर तो पाच सांगेल, आणि हे उत्तर लेखनाच्या किंवा उच्चाराच्या कोणत्याही स्वाभाविक एककाशी जुळत नाही. शब्दांच्या लांबीचे आलेख इंग्रजीच्या पाठ्यग्रंथांत सहज काढले जातात. मराठीत तो आलेख काढणाऱ्याने आधी एकक सांगितले पाहिजे.

तीच गोष्ट शब्दसंपदेच्या मापाची. निरनिराळ्या रूपांची संख्या भागिले एकूण शब्दांची संख्या, असे हे सोपे माप आहे, आणि बर्ड प्रभृतींनी ते, भागाकार उलटा करून, पहिल्याच प्रकरणात शिकविले आहे. संहिता जसजशी लांबत जाते तसतसे हे गुणोत्तर घटते, म्हणून लहानमोठ्या संहितांची त्यावरून तुलना करू नये, हा एक धोका सर्वश्रुत आहे. मराठीत दुसराही एक संभवतो. ‘घर’, ‘घरात’, ‘घराला’, ‘घरातून’, ‘घराचा’, ‘घरापुढे’ ही आपल्या लेखनात सहा निराळी रूपे आहेत. हिंदीत ‘घर में’, ‘घर को’, ‘घर से’, ‘घर का’ असे लिहितात. तेथे ‘घर’ एकच राहते आणि उरलेले छोटे शब्द पुनःपुन्हा येतात. आता समान लांबीच्या मराठी व हिंदी संहिता घेऊन कोणी या गुणोत्तराचा स्तंभालेख काढला तर मराठीचा स्तंभ उंच येण्याची पुरेपूर शक्यता आहे. त्यावरून मराठी लेखकाची शब्दसंपदा अधिक, असे अनुमान काढले तर आपण दोन लिहिण्याच्या चालींतील फरक मोजून त्यास वाङ्मयीन गुण समजलो, असे होईल. येथे आज्ञावली निर्दोष आहे, आलेखही निर्दोष आहे, सदोष आहे ती एककाची निवड. ती निवड विभक्तिप्रत्यय व शब्दयोगी अव्यये यांच्या स्वरूपाशी निगडित असल्यामुळे तिचे उत्तर भाषाविज्ञानाकडेच मागावे लागते.

आणखी एक बारीक बाब नमूद करण्याजोगी आहे. ‘दुसऱ्या’ या शब्दातील अर्धा ‘र’ युनिकोडमध्ये दोन निरनिराळ्या रीतींनी साठविता येतो. पडद्यावर व छापील पानावर दोहोंत भेद दिसत नाही. यंत्राला मात्र ते दोन भिन्न शब्द वाटतात. दोन वृत्तपत्रांचा मजकूर दोन निराळ्या टंकव्यवस्थांतून आला असेल, तर एकाचा ‘दुसऱ्या’ दुसऱ्याच्या ‘दुसऱ्या’शी जुळणार नाही, आणि दोघांची शब्दयोजना भिन्न आहे असा ‘शोध’ लागेल.

७

लिखित मजकूर सोडून उच्चाराकडे वळले तरी हाच अनुभव येतो. पीटरसन व बार्नी यांनी १९५२ मध्ये ७६ भाषकांकडून इंग्रजीतील दहा स्वरांचे शब्द प्रत्येकी दोनदा म्हणवून घेतले आणि अशा १,५२० उच्चारांची मापे प्रसिद्ध केली. पहिला फॉर्मंट एका अक्षावर, दुसरा दुसऱ्या अक्षावर घेऊन त्यांनी काढलेला आलेख ध्वनिविज्ञानाच्या प्रत्येक विद्यार्थ्याने पाहिलेला असतो. त्यांनी पहिला फॉर्मंट आडव्या अक्षावर घेतला होता. आज आपण तो उभ्या अक्षावर घेतो आणि दोन्ही अक्षांची दिशा उलट करतो, जेणेकरून ‘ई’ वरच्या डाव्या कोपऱ्यात यावा, ‘आ’ खाली यावा, आणि आलेख जिभेच्या स्थितीच्या परिचित चौकटीसारखा दिसावा. संगणकाला हे कोणी न सांगितल्यास तो आपल्या सवयीने संख्या डावीकडून उजवीकडे आणि खालून वर वाढवीत नेतो. विद्यार्थ्याचा स्वरचौकोन मग उलटा येतो. आपला उच्चारच सदोष आहे की काय, अशी त्याला शंका येते.

अक्षांचा दोष निदान डोळ्यांना दिसतो. मापनातला दोष दिसत नाही. अ‍ॅम्स्टरडॅम विद्यापीठातील पॉल बूर्स्मा व डेव्हिड वेनिंक यांनी तयार केलेले ‘प्राट’ हे ध्वनिविश्लेषणाचे साधन आपल्या प्रयोगशाळेत नित्य वापरात आहे. त्यात फॉर्मंट शोधण्याची वरची मर्यादा आरंभी ५,५०० हर्ट्झ ठेवलेली असते, आणि ती प्रौढ स्त्रीच्या आवाजाला अनुरूप आहे. प्रौढ पुरुषासाठी ५,००० हर्ट्झ घ्यावी असे त्याच्या मार्गदर्शिकेतच सांगितले आहे. ती न बदलता पुरुष भाषकांची मापे घेतली तरी संख्या येतात, सारणी भरते, आलेखही निघतो. आपण निर्णय घेतला नाही याचा अर्थ निर्णय झाला नाही असा होत नाही. तो दुसऱ्या कोणीतरी आपल्यासाठी आधीच घेऊन ठेवलेला असतो.

८

यावर एक आक्षेप संभवतो. हे सर्व खरे असले तरी विद्यार्थ्याला आज्ञावली लिहावयास शिकविण्याचा खटाटोप कशासाठी? रकान्यांच्या तयार तक्त्यात हिशेब करता येतो; आणि अलीकडे तर साध्या वाक्यात मागणी केली की आज्ञावली लिहून देणारी यंत्रेही उपलब्ध झाली आहेत.

आक्षेपाच्या पहिल्या भागाला अर्थशास्त्रातील एक प्रसिद्ध घटना उत्तर देते. राष्ट्रीय कर्ज आणि आर्थिक वाढ यांच्या संबंधाविषयी राइनहार्ट व रोगॉफ यांनी २०१० मध्ये लिहिलेल्या निबंधाचा अनेक देशांच्या धोरणचर्चेत आधार घेतला गेला. २०१३ मध्ये थॉमस हर्नडन या पदव्युत्तर विद्यार्थ्याला लेखकांनी आपला मूळ तक्ता पाहावयास दिला, तेव्हा एका सरासरीच्या सूत्रात पाच देशांच्या ओळी राहून गेल्याचे त्याच्या ध्यानात आले. अंतिम निष्कर्षातील फरकात या चुकीचा वाटा लहान होता. सामग्रीची निवड व तिला दिलेले वजन यांवरचे आक्षेप अधिक मोठे होते. परंतु मुद्दा असा की तक्त्यात सूत्र घराच्या आड लपलेले असते आणि दिसते ते केवळ उत्तर. आज्ञावलीत उत्तरापर्यंतची प्रत्येक पायरी लिहिलेली राहते, आणि दुसऱ्या अभ्यासकाला ती ओळीओळीने तपासता येते. आज्ञावली हा या अर्थी संशोधनाचा युक्तिवादच आहे.

आक्षेपाच्या दुसऱ्या भागाने माझे म्हणणे खोडले जात नाही, उलट बळकट होते. आज्ञावलीचे व्याकरण हीच या विद्येची अडचण असती तर ती आता दूर झाली, असे म्हणता आले असते. परंतु मराठी मजकुराचे शब्द पाडून देण्याची मागणी केल्यावर यंत्राने दिलेली आज्ञावली ‘नाही’ला ‘नाही’ ठेवते की त्याचे दोन तुकडे करून टाकते, हे ओळखावयास वाचणाराच लागतो. लिहिणे स्वस्त झाले म्हणजे वाचण्याची जबाबदारी वाढते. ज्याने स्वतः चार ओळी कधी लिहिल्या नाहीत त्याला दुसऱ्याच्या चाळीस ओळी वाचता येणार नाहीत.

९

तेव्हा प्रस्तुत दोन ग्रंथ आपल्या अभ्यासक्रमातून काढून टाकावेत असे मला मुळीच सुचवावयाचे नाही. त्यांचा क्रम बदलावा, एवढेच सुचवावयाचे आहे. पहिल्या सत्राच्या आरंभी प्रत्येक विद्यार्थ्याने स्वतः निवडलेला शंभर ओळींचा मराठी मजकूर घ्यावा. आपल्या गावच्या बोलीतील संभाषण ध्वनिमुद्रित करून ते लिहून काढले असेल तर अधिक चांगले. त्यातील शब्द प्रथम कागदावर, हाताने मोजावेत, आणि मोजताना जेथे जेथे ‘हा एक शब्द की दोन?’ अशी शंका येईल तेथे तेथे आपला निर्णय व त्याचे कारण वहीत टिपून ठेवावे. मगच आज्ञावली लिहावी. यंत्राची संख्या आणि हाताची संख्या जुळली नाही, आणि पहिल्या खेपेस ती बहुधा जुळणार नाहीच, तर फरक कोठे पडला ते शोधावे. त्या शोधातच संगणकाच्या भाषेचे व्याकरण आणि मराठीचे व्याकरण ही दोन्ही एकाच वेळी शिकून होतात. आलेख त्यानंतर काढावा, आणि त्याच्या खाली तीन गोष्टी लिहिल्याशिवाय तो स्वीकारू नये : एकक कोणते मानले, काय गाळले, आणि यंत्राच्या कोणत्या पूर्वनियोजित मर्यादा तशाच ठेवल्या. एवढे झाल्यावर बायेन यांच्या ९०३ ओळींकडे विद्यार्थी गेला तर त्याला त्यांत निव्वळ संख्या दिसणार नाहीत; प्रत्येक ओळीमागचा चिठ्ठी लिहिणारा हात दिसेल.

वर उल्लेखिलेल्या विद्यार्थिनीने आपली सारणी पुन्हा तयार केली. नव्या सारणीत ‘नाही’ आपल्या जागी, वरच्या काही ओळींतच आला. नवा आलेख जुन्याच्या शेजारी ठेवला तर दुरून पाहणाऱ्यास दोहोंत फारसा फरक दिसत नाही. ते दोन्ही आलेख मी तेव्हापासून प्रत्येक वर्षी पहिल्या तासाला वर्गात दाखवितो, आणि यांतील चुकीचा कोणता ते सारणी न पाहता सांगावे, असे विचारतो.